जेवणासकट

घरात फोडणी बंद झाली, ती कुणी ठरवून केलेली नव्हती. एका सकाळी द्वारकाबाईंनी भाजीला लसणाची फोडणी दिली आणि आतल्या खोलीतून रंगनाथरावांचा बसका आवाज आला, "मेथी का?" तेवढंच. द्वारकाबाईंनी गॅस बंद केला आणि बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून वरण-भात, उकडलेल्या भाज्या आणि कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातल्या पोळ्या, असं त्या घराचं जेवण झालं.

रंगनाथरावांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. परभणीला पाटबंधारे खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि मुलाकडे, सुदर्शनकडे, कोथरूडला राहायला आले. इथेच दुखणं निघालं. रेडिएशन झालं, केमो झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी पोटाला एक बारीक नळी बसवली. तोंडावाटे आता काही जात नव्हतं. पाण्याचा घोट नाही की स्वतःची लाळही नाही. लाळ थुंकायला झाकणाचा एक स्टीलचा डबा सतत त्यांच्या हाताशी असे. द्वारकाबाई ठरल्या वेळी मोठ्या सिरिंजने नळीतून पातळ पेज सोडायच्या. कधी तांदळाची, कधी नाचणीची, कधी नुसतं डाळीचं पाणी, त्यात डॉक्टरांनी दिलेली पावडर, आणि सगळं मलमलच्या फडक्यातून गाळलेलं, कारण एखादा कण अडकला तरी नळी बंद पडायची. घरात त्याला 'फीड' म्हणत. सिरिंज भरता भरता द्वारकाबाई सांगायच्या, "आज मुगाचं केलंय." रंगनाथराव म्हणायचे, "बरं केलंस."

हा माणूस खाण्यापेक्षा वाढण्यात रमणारा. परभणीला ओळखीपाळखीच्यांच्या लग्नात पंगत बसली की शर्टाच्या बाह्या दुमडून वरणाची बादली यांच्याच हातात असायची. समोरचा पानावर आडवा हात धरतोय आणि हे बोटांच्या फटीतून वाढतायत, असे त्यांचे फोटोच होते दोन-तीन. त्या माणसासमोर बसून आता घरात कुणाला घास घेववेना.

मग ज्याने त्याने आपापली जागा शोधली. सुदर्शन हिंजवडीला ऑफिसात जेवायचा आणि रात्री "भूक नाही" म्हणायचा. त्याची बायको नम्रता घरूनच काम करायची. ती बेडरूमचं दार लावून लॅपटॉपसमोर ताट घ्यायची. द्वारकाबाई ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या शेजारी उभ्या उभ्या भात संपवायच्या. दहा वर्षांच्या सृष्टीला आईबाबांच्या खोलीत ताट मिळायचं आणि बरोबर सूचनाही: पापड हळू मोड, आजोबांना ऐकू जाईल.

नोव्हेंबरात एकदा सृष्टीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला, जमलं तर आजच येऊन जा म्हणाल्या. नम्रता गाडी काढून शाळेत गेली.

"मार्कांचं काही नाही," बाई म्हणाल्या. "ती डबा कुठे खाते, तुम्हाला माहिती आहे?"

"वर्गातच ना?"

"वॉशरूममध्ये. आतून कडी लावून. मावशींनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा मला सांगितलं. आम्ही वर्गात बसवून पाहिलं, तर डबा उघडत नाही. घरी काही बोलता का तुम्ही तिला खाण्यावरून? वजनावरून वगैरे?"

"नाही," नम्रता म्हणाली. घरचं तिने सांगितलं नाही. 

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, वर जायच्या आधीच तिने सृष्टीला विचारलं. सृष्टी म्हणाली, "समोर खाल्लं की लोकांना वाईट वाटतं."

"कुणाला?"

"कुणाला पण. कुणाच्या घशात काय झालंय ते बाहेरून कुठे कळतं?"

नम्रताने तिच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं. 

त्याच आठवड्यात रंगनाथरावांचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि सुदर्शनला आत सांगितलं, की आता उपचार म्हणून करण्यासारखं फार उरलेलं नाही. "सगळ्यांनी मिळून कुठे जायचं असेल तर आत्ता जाऊन या. फेब्रुवारीचं वगैरे बुकिंग करू नका."

सुदर्शनने नाताळच्या सुट्टीतलं एक रिसॉर्ट शोधलं. मुळशीच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी. लांबचा प्रवास बाबांना झेपणार नव्हता आणि हे घरापासून जवळ होतं. खोल्या मिळत होत्या. प्रश्न जेवणाचा होता. मील प्लॅन घ्यायचा म्हटलं तर नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, सगळ्याचे पैसे आधीच भरायचे. नाही घेतला तर ज्याचं त्याने बघायचं. नम्रताने फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात पाठ केलेलं बोलत होती.

"प्लॅन पर हेड असतो मॅडम. पाच जण म्हणजे चार अ‍ॅडल्ट, एक चाइल्ड."

"एक जण जेवत नाहीत."

"काही हरकत नाही, डाएट फूड अरेंज करू."

"डाएट नाही. ते जेवतच नाहीत."

"फास्टिंग आहे का? आपल्याकडे साबुदाणा खिचडी असते."

नम्रताने क्षणभर डोळे मिटले. "जेवण खोलीत आणून देता का?"

"प्लॅनमध्ये रूम सर्व्हिस येत नाही मॅडम. बुफे असतो, डायनिंग हॉलमध्ये. फॅमिली एन्व्हायर्नमेंट आहे एकदम."

रात्री बेडरूममध्ये दोघं हलक्या आवाजात बोलत बसले. नम्रताचं म्हणणं, प्लॅन नको. खाली रस्त्यावर दोन-तीन हॉटेलं आहेत, आळीपाळीने जाऊ, एक जण कायम बाबांजवळ थांबेल. इथे करतो तेच तिथे करू.

"इथे करतो तेच करायचं असेल तर जायचं कशाला?" सुदर्शन म्हणाला. "हॉटेलं चार-पाच किलोमीटरवर आहेत. मी दिवसभर गाडीच चालवू? एकदा पैसे भरले की डोक्याला ताप नाही."

"ताप पैशांचा नाहीये. दिवसातून तीन वेळा त्या हॉलमध्ये जायचं. बाबांना खोलीत एकटं ठेवायचं की समोर बसवायचं? सांग तू."

सुदर्शन म्हणाला, "आई थांबेल त्यांच्याजवळ."

"आणि आई जेवणार कधी?"

"ती कुठे जेवते तरी सध्या?"

नम्रताने दिवा बंद केला.

सकाळी नम्रता चहा करायला आली तर रंगनाथराव जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. त्या खुर्चीत ते कितीतरी दिवसांत बसले नव्हते. टेबलावर इस्त्रीचे कपडे आणि सृष्टीची पुस्तकं पडलेली असायची. त्यांनी ती एका बाजूला सारली होती. समोर डबा होता.

"सुदर्शनला बोलाव," ते म्हणाले. "हिलाही."

सगळे आले. द्वारकाबाई फडक्याला हात पुसत उभ्या राहिल्या. रंगनाथराव थांबून थांबून, मध्ये डब्यात थुंकून बोलत होते.

"ह्या फ्लॅटच्या भिंती पातळ हायत. आधीच सांगतो, मी मुद्दाम ऐकलं नाही." मग नम्रताकडे बघून, "शाळेतून बोलावणं कशाला आलतं?"

"असंच बाबा. अभ्यासाचं."

"अगं, हिनं मला सांगितलं परवा."

नम्रताने द्वारकाबाईंकडे पाहिलं. तिने ते फक्त सुदर्शनला सांगितलं होतं. सुदर्शनने आईला सांगितलं असणार. द्वारकाबाई खाली बघत म्हणाल्या, "विचारायलेत, विचारायलेत, किती लपवू? ह्यांच्याशी खोटं बोलायची सवय नाही मला."

"पोरगी संडासात बसून जेवायली," रंगनाथराव म्हणाले. "माझ्यामुळं. मी मेल्यावर ती काय लगेच बाहेर येऊन जेवणार हाय? सवय लागली की लागली." त्यांना ठसका लागला. तो जायची सगळ्यांनी वाट पाहिली. "जेवणासकट घे. पाचही जणांचं."

"बाबा, तुमचं कशाला—"

"मला टेबलाशी खुर्ची लागंल का नाही? पाच जणांचं घे. तीनही वेळा एकत्र बसायचं. माझ्यासमोर जेवायचं सगळ्यांनी, आणि तिनं बघायचं की मला काही होत नाही."

"माझ्यानं नाही व्हायचं," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर माझ्या घशाखाली घास उतरणार नाही."

"नको उतरू दे. बस तर खरी."

नम्रताला ते पटलं नव्हतं. पण नको म्हणायला कारण काय द्यायचं? तुम्हाला सोसणार नाही, असं त्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं? तिने ऑफिसच्या पहिल्या मीटिंगच्या आधी पाच जणांचे पैसे भरून टाकले.

नाताळच्या आदल्या दिवशी ते निघाले. चांदणी चौकात नेहमीसारखी गर्दी होती. पिरंगुटच्या पुढे रस्ता मोकळा झाला. द्वारकाबाईंनी मिक्सर, फडकी, सिरिंज, पावडरीचे डबे अशी एक वेगळी पिशवी घेतली होती. रंगनाथराव पुढे बसले होते. पाणी दिसायला लागल्यावर ते खात्यातल्या माणसासारखे म्हणाले, "साठा चांगला हाय अजून."

रात्री जेवायला जाताना त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. तो खांद्यावरून ओघळत होता. डबा कापडी पिशवीत ठेवून पिशवी हातात घेतली. डायनिंग हॉलमध्ये दिव्यांच्या माळा होत्या, लाल टोप्या घातलेली पोरं तंदूरमधून रोट्या आणत होती. पाच जणांचं टेबल मिळालं. रंगनाथराव सृष्टीच्या शेजारी बसले. पुढ्यात ठेवलेली प्लेट वेटर उचलायला आला तेव्हा म्हणाले, "राहू दे."

सुरुवातीला कुणी काही घेईना. मग रंगनाथरावच उठले. काउंटरवर जाऊन त्यांनी सृष्टीची प्लेट भरली, परत येऊन तिच्यासमोर ठेवली, आणि पुन्हा वाटीत डाळ घेऊन आले.

"खा."

सृष्टीने आईकडे पाहिलं. नम्रताने स्वतः रोटीचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. किती दिवसांनी ती सासऱ्यांसमोर चावत होती. रोटी वातड होती आणि तोंडात फिरत राहिली.

सृष्टीने पनीरचा एक तुकडा खाल्ला.

"कसं हाय?" रंगनाथरावांनी विचारलं.

"ठीक."

"ठीक म्हंजे? मीठ कमी का?"

"नाही. गोडच आहे जरा."

"पुण्याचं गिऱ्हाईक बघून केलेलं दिसतंय," ते म्हणाले, आणि सृष्टीला हसू आलं. तिने आणखी एक तुकडा घेतला. सुदर्शनही जेवायला लागला. डाळीत काय घातलं असेल, पुऱ्या तेल पितात का, अशा गोष्टी रंगनाथराव विचारत राहिले आणि सगळे उत्तरं देत राहिले. द्वारकाबाईंनी भात कालवला आणि तसाच ठेवला. सृष्टीने दीड रोटी आणि थोडा भात खाल्ला. नम्रताच्या मनात आलं, जमलं की. मग पडलेला चमचा उचलायला ती वाकली तेव्हा तिला दिसलं, टेबलाखाली रंगनाथरावांनी पेपर नॅपकिन मुठीत आवळून त्याचे बारीक बारीक तुकडे केले होते आणि ते सगळे त्यांच्या चपलांवर पडले होते.

सकाळी व्हरांड्यात द्वारकाबाई तिला म्हणाल्या, "रात्रभर बसून होते. लाळ थांबेना. अन्नाच्या वासानं जास्तच सुटती. पोटात काही नाही तरी उमासे यायलते."

"मग आजपासून नको, आई. मी सांगते त्यांना."

"सांगून बघ. माझं ऐकलं नाही."

त्यांनी नम्रताचंही ऐकलं नाही. नाश्त्याला आले. कॉफीच्या वासाने चेहरा बाजूला वळवून बसले, पण बसले. सृष्टी नाश्ता करून स्विमिंग पूलवर गेली आणि तिथे तिची नाशिकहून आलेल्या एका मुलीशी ओळख झाली. दुपारपर्यंत दोघींचं इतकं जमलं की जेवायला येतानाही हातात हात होते. त्या मुलीच्या घरचे शेजारच्याच टेबलावर बसले.

नाताळचा दिवस म्हणून हॉल गच्च भरला होता. मध्ये लाइव्ह काउंटरवर कुणी तरी पाणीपुरी लावली होती, दुसरीकडे तव्यावर काही तरी परतत होते आणि त्याचा तिखट धूर सगळीकडे पसरला होता. रंगनाथराव सृष्टीची प्लेट घेऊन उठले. चार पावलं गेले असतील नसतील, त्यांना ठसका लागला. प्लेट त्यांनी कशीबशी टेबलावर ठेवली, खुर्ची धरून बसले आणि पिशवीतला डबा काढला. ठसका थांबेना. खोकत खोकत ते डब्यात थुंकत होते, चिकट लाळेची तार हनुवटीवरून शर्टावर आली, आणि तिच्यात थोडं रक्त होतं. द्वारकाबाई पदराने पुसत होत्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी आपली प्लेट लांब सरकवली. त्यांच्या नवऱ्याने हात वर करून कुणाला तरी बोलावलं.

मॅनेजर आला. तरुण होता, घाबरलेलाही होता. वाकून सुदर्शनला म्हणाला, "सर, एक रिक्वेस्ट होती. बाकीचे गेस्ट... एसी हॉल आहे, इन्फेक्शनचं कसं असतं. आम्ही रूममध्ये जेवण पाठवतो ना, प्लॅनमध्ये नसलं तरी. स्पेशल केस."

"कॅन्सर आहे," सुदर्शन म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "लागत नाही तो कुणाला. आणि त्यांच्या जेवणाचे पैसे भरलेत आम्ही. त्यांनी एक घास खाल्लेला नाही. खुर्चीत बसलेत फक्त. बसू द्या."

पाणीपुरीवाला हातातली पुरी तशीच धरून बघत होता. नाशिकची मुलगीही बघत होती. मॅनेजर "सर, सर" करत उभा होता. तेवढ्यात सृष्टी प्लेटकडे बघत, कुणाला तरी चुगली सांगावी तसं हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही रूममध्ये जा ना."

सुदर्शनचा हात उठला. त्याने कधी मुलीवर हात टाकलेला नव्हता. रंगनाथरावांनी बसल्या बसल्या त्याचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता, पण सुदर्शन थांबला.

"जातो," रंगनाथराव म्हणाले. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला. मॅनेजरला म्हणाले, "चला, बाजूला व्हा, म्हणजे निघता येईल." द्वारकाबाई त्यांच्याबरोबर गेल्या. दारापर्यंत लोक खुर्च्या सरकवून वाट देत होते, गरजेपेक्षा जास्तच.

सुदर्शनही उठला आणि पार्किंगकडे निघून गेला. टेबलावर नम्रता आणि सृष्टी दोघीच उरल्या. नम्रताला पोरीवर ओरडावं असं वाटत होतं आणि जवळ घ्यावं असंही वाटत होतं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. थोड्या वेळाने नाशिकची मुलगी आली. "तिकडे गुलाबजाम गरम आहेत. येतेस?" सृष्टीने आईकडे न बघता प्लेट उचलली आणि गेली.

नम्रता बघत बसली. त्या दोघी आधी पाणीपुरीच्या रांगेत उभ्या राहिल्या. सृष्टीने आख्खी पुरी तोंडात कोंबली, पाणी हनुवटीवर आलं, दोघी खिदळल्या. मग नूडल्स. मग गुलाबजाम. सगळ्या हॉलच्या मध्यभागी, लोकांच्या देखत सृष्टी गाल भरभरून जेवत होती. ज्यासाठी जेवणासकट घ्यायचं ठरलं होतं ते समोर घडत होतं, आणि नम्रताला ते बघवत नव्हतं.

ती खोलीत गेली तेव्हा रंगनाथराव बाल्कनीत खुर्चीवर बसले होते. द्वारकाबाईंनी आत्ताच फीड दिलेलं होतं. त्या बाथरूममध्ये सिरिंज धूत होत्या. त्यांचा शर्ट बदललेला होता.

"जेवली?" रंगनाथरावांनी विचारलं.

"जेवली."

"किती?"

नम्रताने सगळं सांगितलं. पाणीपुरी, नूडल्स, गुलाबजाम. सगळ्यांसमोर, त्या मुलीबरोबर. ते ऐकत राहिले.

"बाबा, लहान आहे हो ती. तिला कळलं नाही आपण काय बोललो ते."

"कळलं की. चांगलं कळलं." ते डब्यात थुंकले आणि त्यांनी झाकण लावलं. "तुला एक सांगतो. हिला सांगू नको. काल रात्री मी तिथं बसलो ना, मला वाटलं होतं, तुम्हाला जेवताना बघून बरं वाटंल. पंगतीत वाटायचं तसं. नाही वाटलं. राग आला. हे सगळे चावायलेत कसे, गिळायलेत कसे, असं वाटायलं. पोरीला वाढताना पण तेच. तिनं घास घेतला की माझ्या मनात यायचं, हिच्या घशातून जातो आणि माझ्या का नाही. दहा वर्षांची पोरगी ती." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "आज ती जा म्हणाली तेव्हा सुटल्यासारखं झालं मला. मी आपण होऊन उठलो नसतो. एवढं सगळ्यांना बोलून बसलो होतो."

नम्रता त्यांच्या शेजारी बसली. ती म्हणाली, "उद्या सकाळी लवकर निघायचं का?"

"पैसे भरलेत उद्या दुपारपर्यंतचे," ते म्हणाले. "तुम्ही जेवून घ्या. मी हाय इथं."

ते पुन्हा हॉलमध्ये गेले नाहीत. द्वारकाबाईही गेल्या नाहीत.

घरी आल्यावर रंगनाथरावांनी दुसरंच सुरू केलं. स्वयंपाकाची वेळ झाली की ते उठून आपल्या खोलीचं दार स्वतः लावून घ्यायचे आणि थंडीत पंखा फुल लावायचे. "करा आता काय करायचं ते," आतून म्हणायचे. फोडणी परत सुरू झाली. टेबलावरचे कपडे, पुस्तकं निघाली. सुदर्शन, नम्रता आणि सृष्टी तिघं तिथे बसून जेवायला लागले. सृष्टी शाळेत वर्गात बसून डबा खाते, असा बाईंचा मेसेज आला. द्वारकाबाईंची जागा ड्राय बाल्कनीतच राहिली.

सृष्टी मात्र रिसॉर्टहून आल्यापासून आजोबांच्या खोलीत गेली नाही. आधी शाळेतून आली की ती त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसून दिवसभराचं सांगायची. आता ती दारावरून जाताना भिंतीकडे तोंड करून जायची. नम्रताने दोनदा "जा ना, बस जरा" म्हणून पाहिलं. सृष्टीला होमवर्क असायचा. रंगनाथरावांनीही तिला हाक मारली नाही. नम्रताला वाटायचं, त्यांना सांगावं, तिला बोलवा. पण बाल्कनीत ऐकलेलं आठवायचं आणि ती गप्प बसायची. तो माणूस नातीपासून लांब राहतोय ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, तिला ठरवता येईना.

जानेवारीच्या शेवटी रंगनाथरावांना रक्ताची उलटी झाली. हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरांनी मुलांना आणू नका सांगितलं. दोन दिवसांनी सकाळी ते गेले. तेराव्याला परभणीहून माणसं आली. सोसायटीच्या हॉलमध्ये पंगती बसल्या. लोक नको म्हणत होते आणि सुदर्शन बादली घेऊन वाढत होता. द्वारकाबाईंना बायकांनी आग्रह करकरून बसवलं. त्यांनी घास घेतला, तोंडात धरला, आणि उठून बाहेर गेल्या. घरी टेबलावर त्या अजूनही जेवत नाहीत.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एका दुपारी नम्रता सृष्टीला स्कूटरवर क्लासहून आणत होती. कर्वे रस्त्याला गाड्या तुंबल्या होत्या. सृष्टी मागून तिच्या कानाशी म्हणाली, "मम्मा, मी आजोबांना जा म्हटलं ना तेव्हा त्यांना राग आलेला का?"

नम्रताने हे उत्तर किती तरी दिवस तयार ठेवलं होतं. "नाही. उलट त्यांना बरं वाटलं. त्यांनीच मला सांगितलं."

"सगळे असंच म्हणतात," सृष्टी म्हणाली.

"खरंच सांगते. ते थकले होते. त्यांना तिथून उठायचंच होतं."

"हं."

ते खरं होतं. पण ते पटवायचं तर बाल्कनीतलं सगळं सांगावं लागलं असतं; आजोबांना तिच्या घासाचा राग येत होता, हेही. नम्रताने आरशात पाहिलं. हेल्मेटमुळे सृष्टीचा चेहरा दिसत नव्हता. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, तेव्हा तिने गाडी पुढे घेतली.